विश्लेषण : पवई की पालडी? गणपतीच्या गावातून डिझाइन शिकायला निघताना...

गणपती गेले की पेण तालुक्यातल्या हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत, दादर या पट्ट्यात काही दिवस जरा उसंत मिळते. व्यापाऱ्यांकडची उधारी गोळा करायची, कर्जाचे हप्ते फेडायचे, साचे स्वच्छ करून ठेवायचे. साधारण याच सुमारास देशातल्या दोन नामवंत डिझाइन संस्थांच्या प्रवेश परीक्षांचे अर्ज सुरू होतात. एक, पवईच्या आयआयटी मुंबईतील ‘आयडीसी स्कूल ऑफ डिझाइन’. दुसरी, अहमदाबादच्या पालडी भागातील राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजेच ‘एनआयडी’.

कारखान्यात वाढलेल्या, शाळेत असतानाच ब्रश हातात धरलेल्या मुलामुलींसाठी हे दोन्ही पर्याय खरे तर जवळचे आहेत. पण दोन्हींत फरक काय, कोणाला काय मानवेल आणि दोन्हीकडे नाव लागलेच तर जायचे कुठे, असे विचारले की ‘ज्याचे नाव मोठे ते घ्या’ एवढाच सल्ला मिळतो. नाव दोघांचेही मोठे आहे. त्यामुळे हा सल्ला काही कामाचा नाही.

औद्योगिक डिझाइन म्हणजे नेमके काय?

शब्द जड असला तरी हमरापूरकरांना तो समजावून सांगण्याची गरज नाही. एक कसबी मूर्तिकार मातीत मूळ मूर्ती घडवतो. तिच्यावरून रबराचा साचा निघतो, त्याला बाहेरून प्लास्टरचे कवच दिले जाते. मग त्या साच्यातून शेकडो, कधी हजारो मूर्ती काढल्या जातात. घासकाम, रंग, शेवटी डोळ्यांची आखणी. काही मूर्ती कच्च्याच, म्हणजे न रंगवता, मुंबई-ठाण्याच्या व्यापाऱ्यांकडे जातात.

पहिली मूर्ती हे शिल्प आहे. पाचशेवी मूर्ती हे औद्योगिक उत्पादन आहे. या दोहोंच्या मध्ये जे निर्णय घ्यावे लागतात तेच औद्योगिक डिझाइन. सोंड अंगाला किती चिकटवली तर वाहतुकीत तुटणार नाही? हात साच्यातून न अडकता बाहेर येईल का? तळ किती रुंद ठेवला तर मूर्ती पाटावर डुगडुगणार नाही? वजन किती असावे, म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनाही ती जिन्याने वर नेता येईल? एका टेम्पोत किती मूर्ती बसतील? हे सगळे प्रश्न इथे रोज सुटतात, फक्त त्यांना कोणी ‘डिझाइन’ म्हणत नाही.

भारतातल्या डिझाइन शिक्षणाची सुरुवातही अशाच एका घरगुती वस्तूच्या कौतुकातून झाली. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी दाम्पत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला अहवाल दिला. त्यात त्यांनी नमुना म्हणून घेतला तो आपला लोटा. तो हातात कसा बसतो, कमरेवर कसा राहतो, भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा बदलतो, घासायला किती सोपा, किंमत किती, अशा अंगांनी त्यांनी त्याचा विचार केला. त्या अहवालाच्या शिफारशींनंतर १९६१ मध्ये अहमदाबादला एनआयडी उभी राहिली. ईम्स दाम्पत्य हमरापूरला आले असते, तर लोट्याच्या जागी कदाचित दीड फुटी गणपती असता.

मग जे. जे. का नको?

घरात हा प्रश्न हमखास निघतो, आणि तो रास्त आहे. मुंबईचे सर जे. जे. कला महाविद्यालय १८५७ पासूनचे आणि तिथल्या शिल्पकला विभागाचे नाव पेणच्या प्रत्येक कारखान्याला ठाऊक. ज्याला मूळ मूर्ती घडवण्यातच रस आहे, दरवर्षी नवे रूप मातीतून काढायचे आहे, त्याने जे. जे.कडेच बघावे. त्याच्यासाठी पुढची सगळी चर्चा गैरलागू आहे. डिझाइन संस्था उत्तम शिल्पकार घडवून देईल, ही अपेक्षा चुकीची ठरेल.

पण ज्याला मूर्ती कशाची करावी, ती वाळेल कशी, पोहोचेल कशी, विसर्जनानंतर तिचे काय होईल, असे प्रश्न सतावतात, त्याची वाट वेगळी.

दोन्ही संस्थांची घडण वेगळी कशी?

आयडीसी १९६९ ची. आयआयटीच्या आवारात, अभियंत्यांच्या शेजारी डिझाइन शिकवायचे, ही तिची मूळ कल्पना. तिचा पाया घालणारे प्रा. सुधाकर नाडकर्णी हे जे. जे.चे विद्यार्थी. पुढे जर्मनीतील उल्म येथील प्रसिद्ध डिझाइन शाळेत शिकले, एनआयडीत शिकवले आणि मग पवईला आले. म्हणजे ज्या तीन वाटांची आज घरोघरी तुलना होते, त्या तिन्ही वाटा एकाच मराठी माणसाने चालून पाहिलेल्या आहेत.

दोन्ही संस्थांचे काम प्रत्येकाच्या हातातल्या मोबाइलमध्ये आहे. यूपीआय अॅपमध्ये दिसणारे रुपयाचे चिन्ह डी. उदयकुमार यांचे. ते तेव्हा आयडीसीत पीएच.डी. करत होते आणि १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यांच्या चिन्हाला मंजुरी दिली. संगणकावर मराठी टंकताना वर्षानुवर्षे वापरला गेलेला ‘मंगल’ फॉन्ट प्रा. र. कृ. जोशी यांचा, तेही आयडीसीचे अध्यापक होते. स्टेट बँकेचे निळे, किल्लीच्या छिद्रासारखे दिसणारे बोधचिन्ह एनआयडीतल्या शेखर कामत यांनी १९७१ मध्ये केले. तेव्हा ‘कुठली संस्था खरी’ हा वाद इथेच संपवलेला बरा.

एनआयडीची घडण निराळी. ती सुरुवातीपासून डिझाइनसाठीच काढलेली संस्था. लाकूड, धातू, प्लास्टिक, माती, काच, कापड यांच्या कार्यशाळा हा तिथल्या शिक्षणाचा कणा. विद्यार्थ्याने एखाद्या हस्तकलेच्या गावात राहून तिथल्या कारागिरीची तपशीलवार नोंद करायची, ही तिथली जुनी परंपरा. २०१४ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला.

पदवीच्या नावात फसगत होते का?

होते, आणि बऱ्याच जणांची होते. ‘औद्योगिक डिझाइन’ शिकायचे म्हणून बारावीचा विद्यार्थी निघतो, पण या नावाची पदवी या दोन्ही संस्थांत बारावीनंतर मिळत नाही.

आयआयटी मुंबईत चार वर्षांचा बी. डेस. अभ्यासक्रम २०१५ पासून आहे. त्याच्या जागा ३७. त्यात वस्तू, दृश्यसंवाद, अॅनिमेशन, डिजिटल माध्यम या सगळ्यांची ओळख होते, पण पदवी एकच, शाखेविना. ‘इंडस्ट्रियल डिझाइन’ ही स्वतंत्र शाखा तिथे पदव्युत्तर एम. डेस.ला आहे.

अहमदाबादला पहिले वर्ष सर्वांना समान. त्यानंतर शाखा ठरते. तिथल्या आठ शाखांपैकी औद्योगिक डिझाइनला सर्वात जवळची ती ‘प्रॉडक्ट डिझाइन’. याखेरीज ‘सिरॅमिक अँड ग्लास’ आणि ‘फर्निचर अँड इंटिरियर’ याही वस्तूंशीच निगडित. मात्र हवी ती शाखा मिळेलच याची खात्री नाही. पसंतीबरोबर पहिल्या वर्षाची कामगिरी आणि उपलब्ध जागा यांवर ते ठरते. प्रॉडक्टच्या आशेने गेलेला विद्यार्थी दुसऱ्याच शाखेत तीन वर्षे काढू शकतो, हे आधी माहीत असलेले बरे.

गंमत अशी की, ‘इंडस्ट्रियल डिझाइन’ नावाची बी. डेस. शाखा मिळते ती मध्य प्रदेश, हरियाणा, आसाम आणि आंध्र प्रदेशातल्या नव्या एनआयडींमध्ये. प्रवेश परीक्षा तीच. अहमदाबादची गुणवत्ता यादी हुकली म्हणून खासगी महाविद्यालयाची मोठी फी भरण्यापूर्वी भोपाळचा विचार व्हायला हरकत नाही.

परीक्षा कोणाच्या बाजूची आहे?

खरा पेच इथे आहे.

आयआयटीची परीक्षा ‘यूसीड’. एकूण ३०० गुण. त्यातला पहिला भाग संगणकावर, दोन तासांचा, २०० गुणांचा. दुसरा भाग कागदावर, एक तासाचा, १०० गुणांचा. त्यात एक प्रश्न चित्राचा आणि एक डिझाइनची समज तपासणारा. प्रश्नपत्रिका इंग्रजीत. आणि सर्वात महत्त्वाचा नियम असा की, पहिल्या भागात ठरावीक गुण मिळवून पुढच्या यादीत आलेल्यांचाच दुसरा भाग तपासला जातो. म्हणजे हात कितीही तयार असला, तरी संगणकावरचा भाग पार केल्याशिवाय काढलेले चित्र कोणी बघतही नाही.

एनआयडीची परीक्षा ‘डिझाइन अॅप्टिट्यूड टेस्ट’, म्हणजे ‘डॅट’. पूर्वपरीक्षा कागद-पेन्सिलची. त्यातून निवडलेल्यांची मुख्य परीक्षा आणि तिच्यात स्टुडिओ टेस्ट, जिथे समोर ठेवलेल्या साहित्यातून हाताने काही घडवून दाखवावे लागते. आषाढातल्या रात्री जागून मूर्तीचे हात बसवलेल्या मुलीला साहित्य समोर ठेवून ‘काहीतरी करून दाखव’ म्हटले, तर ती घाबरण्याचे कारण नाही. शहरातल्या क्लासमध्ये वर्षभर तयारी केलेला मुलगा तिथे तिच्या मागे पडू शकतो.

वरवर पाहता उत्तर मिळाले असे वाटते. हात चांगला आहे, एनआयडीची परीक्षा हाताला मान देते, तेव्हा अहमदाबाद. पेणमधले चित्रकला शिक्षकही बहुधा हेच सांगतील. पण परीक्षा कुठली सोपी जाईल आणि शिकायला कुठे जावे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची गल्लत केली तर कारखान्यातल्या मुलाला चार वर्षे पुष्कळसे तेच शिकवले जाण्याचा धोका आहे, जे त्याला अर्धेअधिक येते. आकार, घाट, पोत, रंगाचा हात.

यूसीडचा पहिला भागही वाटतो तितका परका नाही. त्यात एखादी घन आकृती फिरवली तर कशी दिसेल, तिला एकूण पृष्ठभाग किती, दातेरी चाक कोणत्या दिशेने फिरेल, अशा धाटणीचे प्रश्न असतात. साचा किती तुकड्यांत उघडेल आणि कुठला भाग आत अडकेल, हे ज्याला डोळ्यांपुढे आणता येते, त्याला हे प्रश्न सुटतात. कमी पडते ते इंग्रजी आणि वेळेचा सराव. चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात, तेव्हा सवयीशिवाय बसणे महागात पडते. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका यूसीडच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. ही परीक्षा लागोपाठच्या दोन वर्षांतच, जास्तीत जास्त दोनदा देता येते. पहिली संधी ‘बघू तरी’ म्हणून वाया घालवणे परवडणारे नाही.

दोन्ही परीक्षा साधारण डिसेंबर-जानेवारीत होतात. तोवर नव्या हंगामाचे काम हाती घेतलेले असते आणि बारावीची बोर्डाची परीक्षा महिन्याभरावर असते. दोन्हींना कला, वाणिज्य, विज्ञान अशा कोणत्याही शाखेचे विद्यार्थी बसू शकतात. अर्ज दोन्हींचे भरावेत, यात दुमत असण्याचे कारण नाही.

कारखान्याला काय हवे आहे?

निवडीचा निकष इथून घ्यायला हवा. गेल्या काही वर्षांत या गावांनी जी अनिश्चितता पाहिली, तिचे मूळ मूर्तीच्या रूपात नव्हते. ते मूर्ती कशाची आहे यात होते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचना काढून प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर बंदी आणली. अंमलबजावणी लांबत गेली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी काटेकोरपणे पाळण्याचे आदेश दिले. मग राज्य सरकारने अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाकडे अभ्यास सोपवला. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मूर्ती बनवण्यास मुभा दिली, पण नैसर्गिक पाणवठ्यांतील विसर्जनाला नाही. जुलैमध्ये सहा फुटांपर्यंतच्या मूर्तींचे विसर्जन कृत्रिम तलावातच करावे, असे स्पष्ट झाले. तोपर्यंत हंगाम अर्धा उलटला होता. कर्ज काढून माल भरलेल्या कारखानदाराने जानेवारी ते जून हे महिने कसे काढले असतील, याची कल्पना करता येईल.

विज्ञान म्हणाल तर फार अवघड नाही. जिप्सम तापवले की त्यातले बरेचसे पाणी उडते आणि प्लास्टर ऑफ पॅरिसची भुकटी मिळते. तिच्यात पुन्हा पाणी घातले की काही मिनिटांत तिचे परत जिप्सम होऊन ती घट्ट बसते. म्हणून साच्यातून मूर्ती झटपट निघते, हलकी होते, टिकते. आणि म्हणूनच पाण्यात ती लवकर विरघळत नाही. शाडूचे उलटे. पाण्यात विरघळते, पण जड, ठिसूळ, आणि कोकणच्या पावसाळ्यात वाळता वाळत नाही. नीट न वाळलेल्या मूर्तीला तडे जातात. एका बाजूला उत्पादनाचा वेग, दुसऱ्या बाजूला पाणवठे आणि न्यायालय. मधला पदार्थ अजून सापडायचा आहे. त्याला साचा वेगळा लागेल, वाळवण्याची पद्धत वेगळी लागेल, पॅकिंगही वेगळे लागेल.

हा प्रश्न एकट्या शिल्पकाराचा नाही, एकट्या रसायनतज्ज्ञाचाही नाही. तो नेमका औद्योगिक डिझायनरचा आहे.

दुसरा प्रश्न नकलेचा. एखाद्या कारखान्याने मेहनतीने काढलेले नवे रूप पुढच्या वर्षी शेजारच्या गावातल्या साच्यात दिसते. डिझाइन कायदा २००० नुसार नोंदणी केलेल्या डिझाइनला १० आणि वाढवून आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते. पण साच्यातून निघालेली गणेशमूर्ती कायद्याच्या नजरेत शिल्पकृती की औद्योगिक डिझाइन, यावर वकिलांना बराच कीस पाडता येईल. हमरापूरला हा कीस समजणारा घरचा माणूस हवा आहे.

तर मग पवई की अहमदाबाद?

ज्याला शिकून पुन्हा या धंद्याशी नाते ठेवायचे आहे, त्याने दोन्हीकडे नाव लागल्यास पवई निवडावी. परीक्षा अवघड जाईल, चित्राच्या वर्गात बाकीच्यांपेक्षा आपण पुढे आहोत असे वाटून थोडा कंटाळाही येईल. तरीही पवईच.

कारण कारखान्यातल्या मुलाकडे जे नाही, ते तिथे शेजारच्या इमारतीत आहे. धातुशास्त्र व पदार्थविज्ञानाचा विभाग आहे, रसायन अभियांत्रिकी आहे. ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानावर काम करणारे ‘सितारा’ हे केंद्रही आहे. डिझाइनच्या विद्यार्थ्यासाठी ही दारे आपोआप उघडतात असे मुळीच नाही. प्राध्यापकाला गाठावे लागते, प्रकल्प पटवून द्यावा लागतो. पण ‘माझ्या घरी दरवर्षी हजारो नग निघतात, नवे मिश्रण तिथेच करून बघता येईल’ असे सांगणारा विद्यार्थी कोणत्याही प्रयोगशाळेला हवासा वाटेल. बाकीचे विद्यार्थी एक नमुना बनवून मार्क घेतात. याच्याकडे पन्नास नगांची खरी चाचणी घेण्याची सोय आहे. दिवा-रोहा मेमूने हमरापूर स्टेशनवर उतरले की झाले.

एनआयडीच्या बाजूने एक हुकमी पान आहे आणि ते लपवणे योग्य नाही. तिथली सिरॅमिक शाखा. माती वाळताना किती आटते, तडा कुठून सुरू होतो, मिश्रणात काय घातले तर तो टळतो, हे त्या शाखेत बारकाईने शिकता येते. प्लास्टरला पर्याय शोधण्यापेक्षा शाडूच सुधारायचा, असे ज्याच्या मनाने घेतले आहे, त्याने पवईची जागा सोडून अहमदाबादला जावे. फक्त, दुसऱ्या वर्षी सिरॅमिक न मिळता भलतीच शाखा मिळाली तर काय, याचे उत्तर आधी तयार ठेवावे.

आणि ज्याला कारखान्यात परतायचेच नाही त्याचे काय? हाही प्रामाणिक पर्याय आहे. बापाने धूळ खाल्ली, आपण का खावी, असे म्हणणाऱ्या मुलाला दोष कोण देणार! भांडी, खेळणी, दिवे, रुग्णालयातली उपकरणे असे काहीही डिझाइन करत देशभर काम करायचे असेल, तर एनआयडीचे प्रॉडक्ट डिझाइन आणि तिथल्या कार्यशाळा त्याला चांगल्या मानवतील. ती शाखा मिळवण्यासाठी पहिल्या वर्षी घाम गाळावा लागेल, इतकेच.

घर जवळ असणे चांगले की वाईट?

पवई जवळ आहे, हा जसा फायदा आहे तसा धोकाही. आयआयटीचे सत्र जुलैअखेर सुरू होते. नेमके तेव्हा कारखान्यात रात्रंदिवस काम चालू असते. आखणी करणारा हात सगळ्यात मोलाचा, आणि तो घरचा असेल तर मजुरी वाचते. ‘चार दिवस ये, डोळे तेवढे राहिलेत’ असा फोन पवईला जाणार हे ठरलेले. पहिल्या सत्रातच मुलगा दर शनिवारी हमरापुरात आणि सोमवारी वर्गात पेंगत, असे झाले तर जागा मिळूनही हातची जाईल. अहमदाबाद एका रात्रीच्या प्रवासावर आहे, तिथे असा फोन सहसा जात नाही.

हा हिशेब घरच्यांनी आधी मांडायला हवा. मुलगी शिकायला गेली की कारखान्यातून एक मजूर नाही, एक आखणी करणारी जाते. तिच्या जागी माणूस लावायचा तर मजुरी मोजावी लागेल, आणि ती रक्कम संस्थेच्या फीइतकीच खरी आहे. फीच्या तक्त्यात ती छापलेली नसते एवढेच. पहिल्या वर्षीच्या ऑगस्टसाठी आखणीचा माणूस मे महिन्यातच ठरवून ठेवला, तर पुढचे बरेच रुसवे टळतील.

पैसे आणि दाखले

दोन्हीकडे वसतिगृहासह चार वर्षांचा खर्च काही लाखांत जातो. फरक सवलतीत आहे. आयआयटींमध्ये २०१६ पासून पदवी स्तरावर अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत असलेल्यांना शिकवणी शुल्क पूर्ण माफ, तर १ ते ५ लाख उत्पन्न असलेल्यांना दोनतृतीयांश माफ असते. वसतिगृह आणि खाणावळ वेगळी. लहान कारखाना चालवणाऱ्या किंवा दुसऱ्याच्या कारखान्यात मजुरी करणाऱ्या घरासाठी हा फरक निर्णायक ठरू शकतो. केंद्राच्या ‘पीएम विद्यालक्ष्मी’ योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना १० लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जावर ३ टक्के व्याजसवलतीची तरतूद आहे. संस्थेचे नाव योजनेच्या यादीत आहे का, हे अर्जापूर्वी पोर्टलवर पाहून घ्यावे.

जागा अनेकदा कागदापायी जाते. ओबीसी आरक्षण २७ टक्के आहे, पण राज्याच्या नमुन्यातला दाखला केंद्रीय संस्थेत चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला, चालू आर्थिक वर्षातला नॉन-क्रीमीलेअर दाखला लागतो. तो पेणच्या तहसीलमार्फत काढायला वेळ जातो. निकालाची वाट न पाहता एप्रिल उजाडताच अर्ज टाकलेला बरा. उत्पन्नाचा दाखलाही त्याचबरोबर.

बारावीनंतर हुकले तर?

इथे घाई करण्याचे कारण नाही, कारण खरी ‘इंडस्ट्रियल डिझाइन’ शाखा पदवीनंतरच आहे. जिल्ह्यातच लोणेरेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. तिथे किंवा मुंबई-पुण्यात मेकॅनिकल, केमिकल अशी पदवी घ्यावी, सुट्ट्यांत कारखाना सांभाळावा आणि मग ‘सीड’ ही पदव्युत्तर परीक्षा द्यावी. तिला वयाची आणि प्रयत्नांची मर्यादा नाही. आयडीसीचा एम. डेस. दोन वर्षांचा, एनआयडीचा अडीच वर्षांचा, आणि एनआयडीसाठी स्वतंत्र डॅट. जे. जे.तून शिल्पकलेची पदवी घेतलेल्यालाही हीच वाट खुली आहे.

एकच सावधगिरी. ‘सीड’साठी बारावीनंतरचे किमान तीन वर्षांचे शिक्षण लागते. दहावीनंतर थेट तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा केलेल्यांनी पुढे पदवी घेतल्याशिवाय फॉर्म भरू नये. तो बाद होतो आणि परीक्षेची फी परत मिळत नाही.